एक्स्टर्नल स्किमरचा आउटलेट 50 मिमी, त्याला 25 चा पाइप लावून संपमध्ये सोडला तर चालेल का?

गोदाकाठ_रीफ (नाशिक):
नमस्कार मंडळी, माझी 4 बाय 2 बाय 2 फुटाची खाऱ्या पाण्याची टाकी आहे, साधारण 450 लिटर, खाली कॅबिनेटमध्ये 3 फुटी संप (टाकीतलं पाणी गाळायला उतरतं ती दुसरी टाकी). संपमध्ये जागा नाही म्हणून रिसर्क्युलेटिंग टाइपचा एक्स्टर्नल स्किमर (बुडबुड्यांच्या फेसाने पाण्यातली घाण काढणारं, संपबाहेर ठेवायचं यंत्र) घेतलाय, तो संपच्या शेजारी जमिनीवर ठेवायचा विचार आहे. अजून सॉल्व्हंट (पाइप चिकटवायचं) कुठेच लावलेलं नाही, नुसतं जोडून बघतोय, म्हणून आत्ताच विचारून घेतो.

स्किमरची उंची 23 इंच, आउटलेट जमिनीपासून 14 इंचावर आणि 50 मिमीचा. संपची काच 16 इंच, चालू असताना पाणी 9 इंच, लाइट गेली की 12-13 पर्यंत चढतं. म्हणजे आउटलेटचा पाइप आधी काचेच्या वर चढवून मग संपमध्ये उतरवावा लागतोय. 50 चा पाइप वळवायला अडचण होते म्हणून रिड्युसर लावून 25 ची लवचिक नळी टाकली तर काही बिघडेल का? दुसरं म्हणजे स्किमरला पाणी द्यायला वेगळा पंप लावू की टाकीच्या ओव्हरफ्लो पाइपला (टाकीतलं पाणी संपमध्ये उतरवणाऱ्या) टी मारून थेट घेऊ? ओव्हरफ्लोला एकच पाइप आहे. कॅबिनेटची आतली उंची 32 इंच. आणि इथल्या प्लंबरने आणलेला दीड इंची पाइप आउटलेटच्या सॉकेटमध्ये खुळखुळतोय, त्याचं काय करायचं तेही सांगा.

खारंपाणी (मुंबई):
दादा, सॉल्व्हंट लावायच्या आधी विचारलंत हे उत्तम केलंत. नळी 25 ची लावू नका, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे आउटलेटनंतर पाइप एक इंचही वर चढवू नका. स्किमरच्या आत पाणी कुठपर्यंत उभं राहणार हे आउटलेटच्या उंचीवर ठरतं, कंपनीने ती उंची मानेच्या (वरचा अरुंद भाग, जिथून फेस चढून घाणीच्या कपात पडतो) हिशोबाने ठेवलेली असते. तुम्ही पाइप पुढे 3 इंच वर चढवलात की आतली पातळीही तेवढीच चढणार, फेस मानेत पिकायच्या आधीच पाणी कपात जाणार, आणि मग तुम्ही हवा कमी करा, व्हॉल्व्ह फिरवा असं करत बसणार, दोष मात्र पाइपात. बारीक नळीने तेच होतं, फक्त हळूहळू, कारण आत बुळबुळीत थर धरतो, वाट अरुंद होते आणि सेट केलेली पातळी आपोआप वर सरकते.

तुमच्या मापात सरळ उपाय बसतोय. स्किमरखाली 4 इंचाचा पक्का स्टँड द्या. आउटलेट 18 इंचावर येतो, म्हणजे काचेच्या वरून 50 चा पाइप आडवा जाऊन एल्बोने थेट खाली. स्किमरचं डोकं 27 इंचावर, वर 5 इंच उरतात, तेवढ्यात कप निघतो का ते आधी रिकाम्या स्किमरवर करून बघा. कप दर एक-दोन दिवसांनी काढायचा असतो, तो अडकत असेल तर धुवायचा कंटाळा येतो आणि मानेवर चिकटा साचला की फेस नीट चढत नाही.

आडव्या पाइपाच्या पुढे खाली वळायच्या जागी एल्बोऐवजी टी लावा आणि तिचं वरचं तोंड उघडं ठेवा, हातभर नको, चार-पाच इंचाचा तुकडा वर काढला तरी पुरे. तिथून हवा आत गेली नाही तर खाली उतरणारा पाइप भरून वाहतो, सायफन लागतो, स्किमरमधलं पाणी एकदम खेचलं जातं, मग सायफन तुटतो आणि पातळी परत वर. अशी वरखाली चालू राहिली की फेस कधीच स्थिर होत नाही. पाइपचं टोक संपच्या पाण्यात इंचभरच बुडवा. खोल बुडवलंत तर बुडबुडे अडकून गडगड आवाज येतो आणि आतली पातळीही हलते.

पाणी देण्यासाठी वेगळा पंपच घ्या. तुमचा ओव्हरफ्लो एकच आहे आणि त्याच्या वाटेत टी, व्हॉल्व्ह आले की एखाद्या दिवशी गोगलगाय नाहीतर शेवाळाचा गोळा अडकून पाणी हॉलमध्ये. ज्यांच्याकडे इमर्जन्सीचा वेगळा पाइप आहे त्यांनी ओव्हरफ्लोवरून घ्यावं, वरच्या थरातलं घाण पाणी थेट स्किमरला मिळतं हा त्याचा खरा फायदा आहे. तुम्ही ओव्हरफ्लो पडतो त्याच कप्प्यात पंप ठेवा, जवळपास तेच पाणी मिळेल. तासाला 450-500 लिटर पोचलं तरी भरपूर, रिसर्क्युलेटिंग स्किमरमध्ये बुडबुडे करणारा पंप वेगळा असतो, त्यामुळे फीड (आत येणारं पाणी) वाढवून फेस वाढत नाही. व्हॉल्व्ह पंपाच्या पुढे लावा, ओढणाऱ्या बाजूला कधीच नाही, आणि फीडला व आउटलेटला एकेक युनियन (फिरवून सुटणारा जोड) द्या म्हणजे स्किमर धुवायला करवत लागणार नाही.

पाइपवाला_सांगली:
ताईंनी वरचं सगळं बरोबर सांगितलंय, मी पाइपाचं सांगतो. तुमच्या स्किमरचा सॉकेट मेट्रिक आहे, 50 म्हणजे बाहेरून मोजून 50 मिमी. प्लंबरने आणलेला घरगुती प्लंबिंगचा पांढरा दीड इंची यूपीव्हीसी बाहेरून 48.3 मिमी असतो, तो खुळखुळणारच, सॉल्व्हंट भरून बसवायच्या फंदात पडू नका, तो जॉइंट टिकत नाही. शेतीचा करडा पाइप मात्र मिमीमध्येच असतो, 25, 32, 40, 50, 63 असा. दुकानदार तिकडेही दीड इंचीच म्हणतो म्हणून कॅलिपर घेऊन जा. तुम्ही नाशिकचे, द्राक्षबागांमुळे ठिबकची दुकानं गल्लोगल्ली आहेत, तिथे 50 चा पाइप, टी, एल्बो आणि प्लास्टिकचा बॉल व्हॉल्व्ह सगळं एका जागी मिळेल. मुंबईवाल्यांना नागदेवी स्ट्रीटला फिरावं लागतं.

पितळी किंवा गनमेटलचा गेट व्हॉल्व्ह कोणी कितीही मजबूत म्हणून दिला तरी घेऊ नका. दोन्हीत तांबं असतं, खाऱ्या पाण्यात ते सुटतं, मासे एकवेळ सहन करतात (माशांच्या औषधात तांबं वापरतातच), पण कोरल, कोळंबी, गोगलगाय मरतात. लोखंडी जुबिली क्लिपही नको, गंजते, नायलॉनची घ्या. पाइपावर लेड-फ्री छापलेलं बघा, शिशाच्या स्टॅबिलायझरवर केंद्र सरकारने 2021 ला नियम काढलेत पण दुकानात जुना माल पडून असतो. सॉल्व्हंट लावल्यावर पूर्ण एक दिवस वाळू द्या, मग साध्या पाण्याने चालवून गळती बघा आणि ते पाणी फेकून द्या. साध्या पाण्यात फेस आला नाही म्हणून घाबरू नका, गोड्या पाण्यात बुडबुडे मोठे होऊन फुटतात, तो येणारच नाही.

झिंगा_ठाणे:
एक गोष्ट कोणी लिहिली नाही. हवा ओढायची बारीक नळी आणि तिचा सायलेन्सर कपाच्या वरच्या उंचीला बांधा. लाइट गेली की पंप थांबतो आणि स्किमरच्या अंगातलं पाणी त्या नळीतून बाहेर यायला बघतं, टोक जमिनीवर लोळत असेल तर फरशीवर तळं. शक्य असेल तर तीच नळी खिडकीबाहेर काढा, बंद खोलीत माणसांच्या श्वासाचा कार्बन डायऑक्साइड साचतो, स्किमर तीच हवा पाण्यात घुसळतो आणि पीएच 7.8 च्या आसपास अडकून राहतो.

गोदाकाठ_रीफ (नाशिक):
खूप धन्यवाद सगळ्यांना, रिकामा स्किमर 4 इंच उचलून बघितला, कप आरामात निघतोय. उद्याच ठिबकवाल्याकडे जातो. अजून एक शंका, माझ्याकडे ऑटो टॉप-ऑफ (बाष्पीभवनाने उतरलेलं पाणी आपोआप भरणारं) आहे आणि कपाच्या तळाला ड्रेन आहे, तो पाइपाने बाहेरच्या 5 लिटरच्या कॅनमध्ये सोडू का? रोज कप उचलणं वाचेल.

खारंपाणी (मुंबई):
सोडा, पण कॅनचं झाकण घट्ट असू द्या आणि त्यात बॉलवाला फ्लोट बसवा, कॅन भरला की बॉलने हवेचं भोक बंद होतं आणि कप आणखी रिकामा होत नाही. झाकण उघडं ठेवलंत आणि स्किमर एखाद्या रात्री उतू गेला तर खारं पाणी बाहेर जाणार, संपची पातळी उतरली म्हणून टॉप-ऑफ आरओचं पाणी भरत राहणार आणि सकाळी 35 ची सॅलिनिटी (खारटपणा) कुठे गेली ते कळणार नाही. टॉप-ऑफची टाकीही छोटीच ठेवा, दोन दिवसांच्या बाष्पीभवनाएवढी, म्हणजे नुकसान झालं तरी मर्यादेत.

नवीन स्किमर पहिला आठवडा वेड्यासारखा वागतो, कधी नुसतं पाणी तर कधी काहीच नाही, कारखान्यातलं तेल आणि सॉल्व्हंटचा अंश जाईपर्यंत तसं चालतं. आधी व्हिनेगर घातलेल्या पाण्यात तासभर चालवून घ्या. तेवढे दिवस आतल्या पाण्याची पातळी खाली ठेवा आणि व्हॉल्व्हला रोज हात लावू नका. डोक्याला खोबरेल लावून तसाच हात टाकीत घातला तरी फेस काही तास बसतो, तेव्हाही काही बदलू नका, आपोआप परत येतो. आणि लाइट आल्यावर संप भरलेला असतो, त्यामुळे स्किमरचं फीड रिटर्न पंपाच्या (संपमधलं पाणी परत टाकीत चढवणाऱ्या) पाच-दहा मिनिटं उशिरा चालू होईल असा टायमर लावा. सगळं 30 एमएच्या आरसीसीबीवर (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवं, नुसत्या एमसीबीवर (फक्त जादा लोड, शॉर्टला पडणारा) नको, खाऱ्या पाण्याशी रोज हात लागतो.

जोडून झाल्यावर आउटलेटच्या टीचा फोटो टाका, वरचं तोंड किती उंच ठेवलंय ते बघून सांगते.