कॅमन घेतोय, सस्पेन्शन साधं की स्पोर्ट?

फोंडेकर: सेकंडहँड पोर्श ७१८ कॅमन बघतोय. दोन गाड्या समोर आहेत. एकीला साधं सस्पेन्शन, दुसरीला पीएएसएम (पोर्शचं इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शन) स्पोर्ट, म्हणजे गाडी २० मिमी खाली. रोज फोंडा ते पणजी, रविवारी पहाटे चोर्ला घाट. आमच्या वाड्यावर देवळासमोर दोन गतिरोधक आहेत. बांधणाऱ्याने बहुधा बैलगाडी डोळ्यांसमोर ठेवली होती. बाबा म्हणतात, "तुझी गाडी, पण कंबर माझी."

साखळीकर: स्पोर्टची स्प्रिंग आखूड आणि कडक असते. वळणावर गाडी कमी कलंडते, चोर्ल्यात मजा येईल. पण श्रावणात त्याच घाटात खड्डा चुकवताना तेच २० मिमी आठवतील. माझी दुसरीच गाडी, पण मीही खाली करून घेतली होती. चतुर्थीला माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-भाज्यांचं) सामान आणि आई, दोघांना घेऊन निघालो आणि पुढचा बंपर पहिल्याच गतिरोधकावर ठेवून आलो.

म्हापशेकर: चाकं बघितलीस का? २० इंची रिमवर टायरची भिंत बारीक, साधं सस्पेन्शनही आपटतं. १८ इंची मिळाली तर निम्मा प्रश्न सुटतो. मधला पर्यायही आहे: नुसतं पीएएसएम. १० मिमीच खाली, आणि डँपर, म्हणजे धक्के जिरवणारे दांडे, बटणावर मऊ-कडक होतात.

फोंडेकर: साध्या सस्पेन्शनवालीला १८ इंचीच आहेत! शनिवारी बाबांना शेजारी बसवून त्या गतिरोधकांवरून नेतो. तोंड वाकडं झालं नाही तर टोकन देतो.

साखळीकर: गतिरोधक तिरका घे.