सह्याद्रीत चुनखडीच्या गुहा का नाहीत?
सह्याद्रीत एवढा पाऊस पडूनही मेघालयासारख्या गुहा का नाहीत, असं वर विचारलंय. फरक खडकाचा आहे. आपला बेसॉल्ट (लाव्हारस थिजून झालेला काळा खडक) तिथल्या चुनखडीसारखा विरघळत नाही; अजिंठा-वेरूळ माणसांनी छिन्नीने कोरलेत. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना तिथला कार्बन डायऑक्साइड घेतं, सौम्य आम्ल होतं आणि भेगांत शिरून चुनखडी पोखरतं. पुढे तेच पाणी गुहेच्या छताला थेंब होऊन लटकलं, की वायू निसटतो आणि कॅल्साइटचा (चुनखडीतल्याच खनिजाचा) पातळसा थर मागे राहतो. असे थर साचत साचत लवणस्तंभ, म्हणजे गुहेतले दगडी खांब, तयार होतात. मला सगळ्यात भारी हे वाटतं, की मेघालयात सोहराजवळच्या (चेरापुंजीजवळच्या) मॉमलूह गुहेतल्या अशाच एका लवणस्तंभात सुमारे 4200 वर्षांपूर्वी मान्सून कमजोर पडल्याची खूण सापडली आणि 2018 साली तेव्हापासूनच्या भूशास्त्रीय काळाला ‘मेघालयन’ नाव मिळालं!