दुसरा भाग बघताना तुम्हाला कोण आठवलं?

डबलबेल

परवा रविवारी दुपारी टीव्हीवर 'नवरा माझा नवसाचा'चा दुसरा भाग लागला होता. मी भांडी घासत होते. नळ बंद केला आणि साबणाच्या हातांनी दारातच उभी राहिले.

माझे बाबा एसटीत कंडक्टर होते. पहिला भाग आला 2004 साली. आम्ही चिपळूणला बघितला. बाबा ड्यूटी संपवून थेट आले, खाकीतच. अख्खं थिएटर कंडक्टर झालेल्या अशोक सराफांच्या बोलण्यावर लोळत होतं आणि बाबा त्यांचे हात बघत होते. मध्येच मोठ्यानं म्हणाले, "अहो, बोलताय काय एवढं, वेबिल भरा! आत्ता चेकिंग आलं म्हणजे?" मागच्या दोन रांगा सिनेमापेक्षा बाबांनाच जास्त हसल्या. आई पदर तोंडावर घेऊन बसली.

दुसरा भाग सप्टेंबर 2024 चा. बस गेली, कोकण रेल्वे आली आणि अशोकमामा टीसी झाले. बाबा निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली, गुडघे गेलेले. मल्टिप्लेक्सच्या अंधारात पायऱ्या मोजत मोजत त्यांना वर नेलं. मामा पडद्यावर आले आणि तोंडातून शब्द निघायच्या आत शिट्ट्या. मीपण वाजवली, खोटं कशाला बोलू. बाबा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "प्रमोशन झालं बघ त्याचं. महामंडळातून डायरेक्ट रेल्वेत." पुढे इंटर्व्हलपर्यंत गप्प.

घरी आल्यावर त्यांनी बिस्किटाच्या डब्यातून त्यांचा जुना पंच काढला. (तो जमा करायचा असतो हे मला माहीत आहे. दात बोथट झालेत त्याचे. महामंडळातलं कुणी वाचत असेल तर हे वाक्य वगळावं.) सिनेमाचं तिकीट मोबाइलवर, त्याला भोक कसं पाडणार? मग पॉपकॉर्नच्या बिलाला पाडलं. दोन टप्प्यांचं.

तर तुमचे अनुभव लिहा. सिनेमा चांगला की वाईट ही भांडणं नकोत, ती करून झालीत.

खारीबटर

दोन टप्प्यांचं 😭 कुकर लावलाय, नंतर सविस्तर लिहिते.

रात्रपाळी_नाशिक

झपाटलेला. आमच्या वाड्यात एकाकडेच व्हीसीआर होता, भाड्यानं कॅसेट आणून पंधरा जण बघायचे. माझ्या चुलतभावानं त्या रात्री बहिणीची बाहुली माझ्या पांघरुणात घातली. पुढची दोन वर्षं मी भिंतीकडे तोंड करून झोपलो नाही आणि भिंतीकडे पाठ करूनही झोपलो नाही. कसा झोपलो ते विचारू नका.

2013 ला दुसरा भाग आला, थ्रीडी. सात वर्षांच्या लेकाला मुद्दाम घेऊन गेलो. म्हटलं, आता कळेल बाप काय भोगून मोठा झालाय. बाहुल्यात शिरलेला तात्या विंचू थेट अंगावर आला, मी चष्म्याच्या आत डोळे मिटून घेतले आणि पोरगं खदाखदा हसतंय. "पप्पा, हा किती क्यूट आहे!" क्यूट!! मी ज्याच्यासाठी दोन वर्षं उशी भिजवली तो क्यूट.

आणि एक सांगतो. कथेत लक्ष्याचा मुलगा आहे, आदिनाथ कोठारे. लक्ष्मीकांत बेर्डे 2004 च्या डिसेंबरात गेले हे मला पक्कं ठाऊक. तरी दार वाजलं की वाटायचं, आला. पूर्ण सिनेमाभर.

शेवंतीची_वेणी

@रात्रपाळी_नाशिक मला तर तो बाहुला रामदास पाध्यांचा आणि आवाज दिलीप प्रभावळकरांचा हे कळल्यावर जास्त भीती वाटायला लागली. 'चौकट राजा'तला नंदू बघून रडलेली मी. एवढा गरीब माणूस मंत्र म्हणून दुसऱ्याच्या शरीरात घुसतो म्हणजे काय!

जोशी_नाही_जोशीण

डबलबेल, बाबांचे गुडघे आता कसे आहेत? ऑपरेशन केलं का? माझ्या सासऱ्यांचं दोन्ही एकदम केलं, तीन महिन्यांत देवळात चालत जायला लागले.

डबलबेल

नाही हो, ऑपरेशन म्हटलं की बाबा विषय बदलतात. तेल चोळणं चालू आहे.

आगाऊ_पाहुणा

मी जरा उलटं बोलणार, चप्पल मारू नका. सिक्वेलमध्ये जुना संवाद आला की नट बोलायच्या आधी थांबतो, बोलल्यावर परत थांबतो. टाळीसाठी जागा ठेवलेली असते. पंगतीत यजमान जिलबीचं ताट घेऊन समोर उभा राहतो, एक घेतल्याशिवाय हलत नाही, तसं वाटतं. पहिल्या भागात त्याच वाक्यावर आपण हसलो कारण ते कुठून येतंय कळलंच नव्हतं. आता सगळ्यांना आधीच कळलेलं असतं, म्हणजे मग आपण विनोदाला हसतोय की स्वतःच्या स्मरणशक्तीला?

खारीबटर

@आगाऊ_पाहुणा जिलबी नको असेल तर इकडे सरकवा.

पश्चिमघाट

अगदी. पण डबलबेलच्या बाबांनी जे पाहिलं ते जिलबीत नव्हतं ना. टीसीच्या अंगावर त्यांना जुना कंडक्टर दिसला. ते दिग्दर्शकानं ठेवलं होतं की बाबांनी घरून नेलं होतं?

आगाऊ_पाहुणा

हे मात्र खरं. मान्य.

गुडगावचा_आपटे

आडनाव खरंच हे, आणि हाच माझा अनुभव. 2000 साली 'हेरा फेरी' आला तेव्हा मी नोकरीला दिल्लीकडे. आमच्या टीममध्ये मी एकटा मराठी, जाड भिंगाचा चष्मा, वर आपटे. पुढचं तुम्हाला कळलंच असेल. 2006 ला 'फिर हेरा फेरी' आल्यावर तर लोक मला धोतर नेसायला सांगायचे. पहिल्या भागात परेश रावलचा बाबूराव आपटे भाडेकरूनं भाडं थकवलेला, गंजलेला, खरा माणूस होता. दुसऱ्यात चष्मा तोच पण माणूस त्या चष्म्याची जाहिरात करतोय असं मला वाटलं. बायको म्हणते, तू फार मनाला लावून घेतोस. घेतो.

मजा पुढे आहे. 2025 मध्ये परेश रावल तिसऱ्या भागातून बाहेर पडल्याची बातमी आली तेव्हा सांत्वनाचे फोन मला आले. ते नंतर परतले, तेव्हा अभिनंदनाचेही मलाच.

शेवंतीची_वेणी

😂😂 भाडं मिळालं का पण शेवटी?

मिरजमळा

'दे धक्का'. 2008 ला आमच्याकडे जुनी मॅटाडोर होती, ती खरंच ढकलून चालू व्हायची. त्यामुळे आमच्यासाठी तो विनोदी सिनेमा नव्हता, माहितीपट होता. दुसऱ्या भागात ते कुटुंब लंडनला गेलं. आजी पाच मिनिटं बघून म्हणाली, "एवढे पैसे आले व्हय ह्यांच्याकडं? मग बरं हाय." आणि झोपली. तिच्या लेखी गोष्ट संपली होती, माणसं सुखी झाली, आता कशाला बघायचं.

पश्चिमघाट

आजींना नमस्कार. सिक्वेलवरचं यापेक्षा नेमकं परीक्षण वाचलेलं नाही.

न्यूजर्सीची_नणंद

इकडे मराठी मंडळानं हॉल घेऊन दाखवला नवसाचा दुसरा भाग. सिनेमापेक्षा वडापावची रांग मोठी. माझ्या मुलीला काहीच कळेना, दर दहा मिनिटांनी हॉल का ओरडतोय. शेवटी तिनं विचारलं, "आई, हे सगळे त्या आजोबांना ओळखतात का?" मी हो म्हटलं. कसं समजावणार? आमच्या शेजारच्या खुर्चीवर मी पर्स ठेवली होती. पहिल्या भागाच्या वेळी तिथे वहिनी होती.

डबलबेल

@न्यूजर्सीची_नणंद 🫂

जोशी_नाही_जोशीण

🙏

रात्रपाळी_नाशिक

फक्त एकच विनंती. 'अशी ही बनवाबनवी'ला कुणी हात लावू नका. 1988 चा आहे तसाच राहू द्या. चौघांतले दोघे, लक्ष्या आणि सिद्धार्थ रे, एकाच वर्षी गेले, 2004. सुधीर जोशी पुढच्या वर्षी. कुणाला उभं करणार त्या खोलीत?

आगाऊ_पाहुणा

यावर माझं तुमचं एकमत. तारीख लिहून ठेवा.

खारीबटर

आले. कुकर झाला, वरण उतू गेलं, गॅस पुसला. माझा अनुभव असा की मला सिनेमे आठवतच नाहीत, कुठे बसून पाहिले ते आठवतं. नवसाचा पहिला भाग मी एसटीच्याच प्रवासात पाहिला, खासगी नव्हे हो, आमच्या गावच्या यात्रेला स्पेशल गाडी ठरवली होती त्यात कुणीतरी टीव्ही बांधला होता दोरीनं. पडद्यावर बस, आम्ही बसमध्ये, आणि आंबा घाट. अर्धी गाडी हसत होती, अर्धी ओकत होती. मी दोन्ही.

मिरजमळा

आंबा घाटात पुढच्या चाकावर बसायचं नसतं.

शेवंतीची_वेणी

मागच्या चाकावर तर त्याहून नाही. मधली सीट, खिडकी, आणि लिंबू हुंगत राहायचं.

खारीबटर

लिंबू होतं. लिंबूच पडलं ना खाली, ते शोधायला वाकले आणि मग झालं.

डबलबेल

बाबा शेजारी बसून हे ऐकतायत. म्हणतात, लिंबूबिंबू काही नाही, कंडक्टरच्या सीटशेजारी बसायचं आणि कागदाची पिशवी आधीच मागून घ्यायची. आमच्याकडे असायची. आणि पिशवी वापरली की खिडकीतून टाकू नका, मागून मोटारसायकलवाला येत असतो.