ओपनफायर प्लगिन: खातं काढल्यावर सेशनही बंद करा

नोकरी सोडून गेलेल्यांची चॅट खाती आपोआप काढणारं, ओपनफायर या चॅट सर्व्हरचं प्लगिन (जोड-प्रोग्राम) तुम्ही लिहिताय, आणि खातं काढूनही त्या माणसाचे मेसेज येतच राहतात, ही तुमची अडचण. तुमचा कोड चुकलेला नाही, अर्धा राहिलाय.

ओपनफायरच्या कोडमधल्या यूजरमॅनेजरच्या डिलीटयूजर या आदेशानं खातं डेटाबेसमधून जातं. पण आधीच जोडलेलं सेशन, म्हणजे सर्व्हरशी चालू असलेली जोडणी, उघडंच राहतं, कारण पासवर्ड लॉगिनच्या वेळीच तपासला जातो. मी चाचणी सर्व्हरवर खातं काढून दुसऱ्या खिडकीत पाहिलं, तर हिरवा ठिपका तसाच! म्हणून सेशन सांभाळणाऱ्या सेशनमॅनेजरकडून त्या नावाची सगळी सेशन्स मागवा आणि एकेक बंद करा. फोनवरचं वेगळं असतं, लॅपटॉपवरचं वेगळं. रोस्टर (संपर्कांची यादी), ग्रुप, व्हीकार्ड (त्या माणसाची माहिती) हेही साफ झालंय ना, ते तपासा. नाहीतर उद्या त्याच यूजरनेमचा नवा माणूस आला, की जुन्याचे ग्रुप त्याच्या गळ्यात पडू शकतात. हे फार धोक्याचं आहे.

खरं तर खातं काढूच नका. खात्याला कुलूप लावणाऱ्या लॉकआउटमॅनेजरनं बंद करा, सेशन्स तोडा. नाव अडलेलं राहतं, घोळ होत नाही. बाहेरून वेब विनंत्या पाठवून ओपनफायर चालवू देणाऱ्या तयार रेस्ट एपीआय प्लगिनमध्ये लॉकआउटची सोय आहेच, आधी ते पाहा.

स्वतःचंच लिहिणार असाल तर एक कळकळीची विनंती. ऑथचेकफिल्टरमधून (ॲडमिन पानांवर लॉगिन तपासणारा भाग) वगळलेला वेब पत्ता लॉगिनशिवाय कुणालाही उघडतो. तिथे गुप्त किल्ली तपासा, आणि ठरावीक आयपीवरूनच विनंती घ्या.

एलडॅप (कंपनीची खाती एकत्र ठेवणारी वेगळी यादी) जोडलेलं असेल तर खातं काढण्याचा भाग लागू नाही. तिथली खाती ओपनफायरला फक्त वाचता येतात.