बंद रंगाई कारखान्याच्या जागेची साफसफाई: मातीचा नमुना घेण्याचा अधिकार कोणाला?

प्रश्न
सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीलगत आमची शेतजमीन व विहीर आहे. शेजारचा सूत रंगवण्याचा कारखाना बंद पडला असून, तेथील रंगाच्या गाळाचा खड्डा उपसून माती ट्रॅक्टरने हलवली जात आहे. खोदलेल्या कडेला काळ्या मातीच्या भेगांतून जांभळट ओल खोलवर उतरलेली स्पष्ट दिसते. पाहणीसाठी आलेल्या अधिकाऱ्यांना जागामालकाने "कोर्टाचा हुकूम दाखवा" असे म्हणत फाटकातच अडवले. असा हुकूम खरोखर लागतो का? आणि आम्ही स्वतः माती तपासून घेतली, तर ती ग्राह्य धरतील का?

उत्तर 1
पाहणीसाठी तसा हुकूम लागत नाही. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, 1986 च्या कलम 10 नुसार अधिकार प्रदान केलेल्या अधिकाऱ्यास कोणत्याही वाजवी वेळी जागेत प्रवेश करता येतो, आणि जागामालकाने त्यास सहकार्य करणे बंधनकारक आहे.

नमुन्याबाबत मात्र फार दक्ष राहावे. जल अधिनियम, 1974 चे कलम 21 विहीर, नाला, सांडपाणी यांच्यासाठी आहे. मातीचा नमुना 1986 च्या अधिनियमातील कलम 11 खाली घ्यावा लागतो. त्यासाठी आधी नोटीस द्यायची, मालकाच्या किंवा त्याच्या प्रतिनिधीच्या समक्ष नमुना घ्यायचा, डबा सीलबंद करून त्यावर दोघांच्या सह्या घ्यायच्या आणि तो विनाविलंब मान्य प्रयोगशाळेकडे पाठवायचा. मालक मुद्दाम गैरहजर राहिला किंवा त्याने सही नाकारली, तर अधिकाऱ्याने एकट्याच्या सहीने सील करून शासकीय विश्लेषकास तसे लेखी कळवायचे असते. ही पद्धत पाळली नाही, तर त्या तपासणीचा निष्कर्ष न्यायालयात पुरावा म्हणून स्वीकारला जात नाही, मग मातीत काहीही सापडलेले असो. म्हणून मालक आडमुठेपणा करतो म्हणून अधिकाऱ्यांनी परत फिरण्याचे कारण नाही.

उत्तर 2
तुम्ही स्वतः उचललेल्या मातीचा अहवाल तक्रारीला जोडण्यास उपयोगी पडेल, परंतु कलम 11 खालील नमुन्याची जागा तो घेऊ शकणार नाही. माझ्या मते आधी माती बाहेर जाणे थांबवण्याची लेखी मागणी करावी, कारण खड्डा रिकामा झाल्यावर नमुना घेणार तरी कशाचा? असा गाळ घातक कचऱ्यात मोडत असल्यास 2016 च्या नियमांनुसार तो वाहतूक-पत्रकासह अधिकृत ठिकाणीच नेता येतो. प्रत्येक ट्रॅक्टरचा क्रमांक व तारीख नोंदवून ठेवा. दूषित स्थळांविषयीचे स्वतंत्र नियमही जुलै 2025 मध्ये अधिसूचित झाले आहेत, आणि संशयित स्थळांची माहिती कळवण्याची जबाबदारी त्यांत जिल्हा प्रशासनावर आहे. तेव्हा अर्जाची एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात देऊन पोच घ्यावी.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाने कार्यवाहीच केली नाही, तर?

उत्तर 1
1986 च्या अधिनियमातील कलम 19 नुसार किमान 60 दिवसांची नोटीस देऊन तुम्हाला स्वतः न्यायालयात तक्रार दाखल करता येते. विहिरीच्या पाण्याबाबत जल अधिनियमाच्या कलम 49 खालीही तशीच तरतूद आहे, आणि तशी तक्रार केल्यावर मंडळाकडील संबंधित अहवालही तुम्हाला मागता येतात.