मदत हवी आहे: मिरची-वांग्याचा तरू (लावणीची कोवळी रोपं) आडवा पडला, आता फेब्रुवारीत परत बी टाकू का?

नमस्कार मंडळी, आम्ही खानापूर तालुक्यात राहतो, नोकरी बेळगावात, म्हणजे सकाळी लवकरची बस आणि घरी यायला अंधार. घरामागं परसात गुंठाभर जागा आहे, आतापर्यंत तिथं नुसती केळी आणि कढीपत्ता. यंदा म्हटलं उन्हाळ्याची भाजी तरी घरची खाऊ. बियाण्यापासून पहिल्यांदाच करतेय, त्यामुळं प्रश्न अडाणी वाटले तर हसा, पण उत्तर द्या.

झालं असं, संक्रांत झाल्या झाल्या ९८ कप्प्यांचे दोन ट्रे आणले, कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) वीट भिजवून भरली आणि मिरची, वांगं, टोमॅटो टाकले. मिरचीचं बी सासूबाईंनी राखलेलं, घरच्या संकेश्वरीचं, बाकीची दोन्ही पाकिटातली. रात्री थंडी फार होती म्हणून ट्रे न्हाणीत चुलीशेजारी ठेवले, वर प्लॅस्टिक, आणि ऑफिसला जाताना एकदा, आल्यावर एकदा स्प्रेनं पाणी. टोमॅटो सहाव्या दिवशी आला, वांगं दहाव्या, मिरचीनं १९ दिवस वाट बघायला लावली. आली तेव्हा मी घरात सगळ्यांना उठवून दाखवली होती!!

आणि गेल्या सोमवारी सकाळी बघते तर वांग्याची एक अख्खी ओळ आडवी. शेंडा हिरवागार, पानं ताजी, पण मातीला टेकतो तिथं देठ पाणचट तपकिरी आणि दोऱ्यासारखा बारीक झालेला. किडा शोधला, काही नाही. संध्याकाळपर्यंत शेजारची ओळ गेली, बुधवारी मिरची. टोमॅटो उभे आहेत पण वीतभर लांब, फिकट, सगळे खिडकीकडं मान करून. सासूबाई म्हणतात, "रोज न्हाऊ घालूलालीस की त्यांना, आणखी काय होणार?"

तर आता परत बी टाकू की उशीर झाला? का सरळ नर्सरीतून तरू आणू? दुसरं, आमची माती तांबडी, जांभ्याची, पहार मारली की ठिणगी उडते. दोन वाफे कसेबसे खणलेत. शेजाऱ्यांकडनं शेणखत आणलं त्यात पांढऱ्या जाड अळ्या निघाल्या, वाकड्या पडलेल्या, ते खत घालू का नको? आणि मागच्या वर्षी दारात चार भेंड्या लावल्या होत्या, त्यांच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडत गेल्या, युरिया टाकून बघितला, काही उपयोग नाही. माकडांचंही कुणी काही सांगत असाल तर सांगा, रानाकडंला घर आहे.

प्रतिसाद (निपाणी): ताई, हा रोप कोलमडण्याचा रोग, बुरशीचा. अंधार, प्लॅस्टिकखालची वाफ आणि सततची ओल, हे तिन्ही तुम्ही तिला घरपोच दिलंत. आडवं पडलेलं रोप वाचत नाही, ते कोकोपीट परत वापरू नका, ट्रे धुऊन उन्हात वाळवा. आमच्याकडं तंबाखूच्या तरवाला हेच होतं, म्हणून दाट पेरत नाहीत. बी टाकायच्या आधी त्याला ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवरणारी चांगली बुरशी) चोळा, अर्धा सेंटिमीटरच खोल टाका, आणि उगवायला ऊब लागते, उगवल्यावर ऊन लागतं, हे दोन वेगळे. पहिला कोंब दिसला की ट्रे न्हाणीतून बाहेर. पाणी सकाळी एकदा, तेही वरचा थर सुकलेला दिसला तरच. टोमॅटो फेकू नका, उन्हाची हळूहळू सवय करा आणि लावताना पहिल्या पानांपर्यंत देठ मातीत पुरा, पुरलेल्या देठाला मुळं फुटतात. मिरचीला तसं करू नका.

प्रतिसाद (कडोली): उशीर म्हणाल तर मिरची-वांग्याला झालाय. आज टाकलं तर लावायला मार्च संपत येतो, भर उन्हात कोवळं रोप, सावली धरत बसावं लागतं. त्या दोघांचा तरू विकत आणा बघा की, वीस-पंचवीस रोपांचा तर प्रश्न आहे. सासूबाईंचं बी मात्र थोडं राखून ठेवा, मे महिन्यात टाका, पावसाळी लावणीला येईल. भेंडी, गवार, काकडी, दोडका यांना ट्रे लागतच नाही, आत्ताच थेट वाफ्यात टोका. भेंडीचं बी रात्रभर भिजवा, एका जागी दोन, दीड महिन्यात तोडा सुरू. पिवळ्या शिरा म्हणजे हळद्या, पांढरी माशी पसरवते, त्यावर औषध नाही, दिसलं झाड की उपटा. अर्का अनामिका मिळाली तर घ्या, बेंगळूरच्या बागायती संशोधन संस्थेची जात, बऱ्यापैकी तग धरते. खताचं म्हणाल तर कच्चं दिसतंय, ढीग पसरून दोन दिवस कोंबड्या सोडा, अळ्या राहिल्या तर मला सांगा. पूर्ण कुजून मातीसारखं झालं की घाला, तोवर वाफ्याला पालापाचोळा द्या. चुलीची राख थोडी टाकायला हरकत नाही, पावसानं धुतलेली तांबडी माती आंबट असते, पण वाफा पांढरा करू नका. मातीवर पालापाचोळ्याचं आच्छादन ठेवलं तर एप्रिलात पाणी निम्म्यानं वाचतं, हे स्वतःच्या विहिरीवरून सांगतोय.

धागाकर्ती: दोघांचेही आभार. काल भेंडी आणि काकडी टोकली, ट्रे छपरावर वाळत पडलेत. सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं तर म्हणाल्या, मी काय वेगळं सांगितलं होतं. कोंबड्यांनी अळ्या संपवल्या आणि नंतर काकडीचा वाफाही उकरला, आज परत टोकणार. माकडांचं कुणीच काही बोललं नाही बघा.