मौन, मन आणि थेरपी : तुमचे अनुभव लिहा

गप्प बसणं आणि शांत असणं यांत किती अंतर असतं, हे थेरपीला गेलेल्या किंवा काही काळ मौनात राहिलेल्या मंडळींकडून ऐकायचं आहे. जे घडलं तेच लिहा. औषधांची नावं नकोत, एकमेकांना सल्लेही नकोत.

*

आमच्या घरात अबोला ही शिक्षा असायची. आईबाबांचं बिनसलं की "बाबांना सांग, चहा झालाय" असे निरोप मी पोचवायचे. त्यामुळे समुपदेशक ताई सेशनमध्ये गप्प झाल्या की मला घाम फुटायचा. वाटायचं, रागावल्या. मग मी बोलत सुटायचे : ऑफिस, ट्रॅफिक, सासूबाईंचा गुडघा. एकदा त्या म्हणाल्या, "मी गप्प झाले की तुम्ही ओढणीचं टोक बोटाला घट्ट गुंडाळता. तेव्हा आत काय चाललेलं असतं?" सांगता येईना, रडूच फुटलं. त्यांनी "शांत व्हा" म्हटलं नाही, घड्याळाकडे पाहिलं नाही. नुसत्या बसून राहिल्या. समोरचं माणूस गप्प आहे आणि तरीही आपल्यावर चिडलेलं नाही, हे मी पस्तिशीत पहिल्यांदा अनुभवलं. हल्ली नवरा गप्प दिसला की विचारते, "दमलायस का?" तो "हो" म्हणतो, आणि मला ते खरं वाटतं.

*

इगतपुरीला धम्मगिरीवर दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलं. पहाटे चारला घंटा. बोलणं नाही, खाणाखुणा नाहीत, वाचन-लेखनही नाही. सुरुवातीचे तीन दिवस फक्त श्वास पाहायचा, चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे शरीरातल्या संवेदना नुसत्या पाहत राहणं, शिकवतात. बाहेरचं बोलणं थांबलं आणि आतलं दुप्पट सुरू झालं. भावाशी झालेलं वाटणीचं भांडण मी तिथे पुन्हा पुन्हा भांडलो, दर वेळी नवी वाक्यं. दहाव्या दिवशी मौन सुटलं, तेव्हा बोलायची घाई मात्र उरली नव्हती.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. तिथल्या अर्जात मानसिक आजाराबद्दल विचारतात, ते लपवू नका. शिबिर म्हणजे उपचार नव्हे. माझी थेरपी आधीही चालू होती, नंतरही राहिली.

*

मला शांत बसणारे थेरपिस्ट अजिबात मानवले नाहीत. मी एकटेपणा घेऊनच आत जायचे आणि तोच घेऊन बाहेर यायचे. शेवटी मी थेरपिस्ट बदलले. आताच्या मॅडम आरईबीटी, म्हणजे विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धतीने काम करतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसने १९५०च्या दशकात मांडलेली ही पद्धत. त्या वहीत तीन रकाने पाडून घेतात : घटना, तिच्याबद्दलचा माझा विचार, मग भावना. मधल्या रकान्यात दर आठवड्याला एकच वाक्य निघायचं, "सगळ्यांनी मला चांगलं म्हटलंच पाहिजे." त्यावर आम्ही चक्क वाद घालतो. ज्याला जे लागू पडेल ते.

*

वरचं सगळं वाचलं. आमच्या तालुक्याला थेरपिस्ट नाही. पत्नी गेल्यावर घरात आवाज असा उरलाच नाही, टीव्ही नुसता चालू असायचा. मुलीने टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर कागदावर लिहून फ्रिजला चिकटवला. रात्रीही चालतो, फुकट आहे, मराठीतून बोलतात. एका रात्री लावला. पलीकडच्या मुलीने विचारलं, "काका, जेवलात का?" मी बराच वेळ काही बोललो नाही. तिने फोन ठेवला नाही. मग तिनेच जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकार विभागात जायला सुचवलं. आता जातो तिथे, दर महिन्याला.